जुनिपरखालची रिकामी खुर्ची

मुक्काम हॅडलीच्या वरचा माळ, नेवाडा
ऑक्टोबरची अखेर, वार बहुधा मंगळवार

तीर्थस्वरूप अर्डिसवहिनींना,

नॉरिसचा वाकून नमस्कार. (हे नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. इथे आल्यापासून मी उतारावर झोपतो आहे, त्यामुळे दिवसभर वाकलेलाच असतो. नमस्कार आपोआप घडतो.) मी खुशाल आहे. तुमचा गुडघा, तुमची मांजर आणि शेजारणीशी कुंपणावरून चाललेलं तुमचं भांडण, तिन्ही उत्तम स्थितीत असतील अशी आशा करतो. तुमच्याकडे थंडी पडू लागली असेल. गुडघ्याला ते पिवळं मलम चोळत जा, आणि भांडण जरा उन्हात उभं राहून करत जा, म्हणजे दोन्ही कामं होतील. पत्रावर मधोमध जो काळा गोल उमटला आहे तो तव्याचा आहे. वारा इतका आहे की कागदावर तवा ठेवल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि तवा सकाळीच बेकनने माखलेला होता. तेव्हा वास आला तर पोस्टाला दोष देऊ नका.

ऑगस्टमध्ये तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी काय बोललो ते तुमच्या लक्षात असेलच. (तुम्ही काही विसरत नाही. मी दादाच्या लग्नात केकवर बसलो होतो हेसुद्धा तुम्ही अजून विसरलेल्या नाहीत.) मी म्हणालो होतो, की अ‍ॅल्डनदादा गेल्यावरची ही पहिलीच पानगळ, मी नेहमीसारखा माळावर जाणार, आमच्या त्याच जुनिपरच्या झाडाखाली पंधरवडा काढणार. जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर देवाने सांगितलं की पुरे झालं आता, असं समजून माझं हे चाकांवरचं घर, हा ट्रेलर, विकणार आणि तुमच्या मागच्या खोलीत मुकाट्याने राहायला येणार. त्यावर तुम्ही बटाटे सोलता सोलता म्हणालात, "विकूनच टाका भाऊजी ती डबी. वयाला शोभत नाही असं कोल्ह्यासारखं राहणं. खोली झाडून ठेवते मी." मला जरा लागलं होतं ते. पण तुमच्याकडून दुसरं काही ऐकायची मला सवयच नव्हती. लग्नानंतर दादाने तुम्हाला एकदाच इथे आणलं, हातात फावडं दिलं आणि म्हणाला, हे आपलं न्हाणीघर, झुडूप आवडेल ते निवड. त्यावर "मी माणूस आहे, मांजर नाही," असं म्हणून तुम्ही गाडीत जाऊन बसलात ते तिसऱ्या दिवशी घरी पोचल्यावरच उतरलात. घरी आल्यावर तुमच्या बुटात विंचू निघाला, पण मी आजही सांगतो, तो विंचू आम्ही ठेवलेला नव्हता.

तर ठरल्याप्रमाणे मी निघालो. एक टायर वाटेत फुटला, एक हॅडली गावात पेट्रोल भरताना बसला. पण ते माळाचं नेहमीचं आहे, त्याचं रडगाणं गात नाही. संध्याकाळच्या उन्हात वरच्या वळणावर आलो आणि लाल खडक दिसला, खडकाला टेकलेला आपला वाकडा जुनिपर दिसला, आणि वहिनी, मी गाडी थांबवून नाक शिंकरलं. ती जागाच तशी आहे. पाठीला खडक म्हणून वारा नाही, जमीन हाताने थापल्यासारखी सपाट, सकाळी ऊन तोंडावर, दुपारी सावली अंगावर, आणि दादाने रचलेले चुलीचे दगड जसेच्या तसे. एवढ्या अफाट माळावर अशी जागा एकच. गाडी पुन्हा सुरू केली, पुढे आलो, आणि पाहतो तर काय, जुनिपरखाली कुणाची तरी खुर्ची!

एक घडीची खुर्ची, दरीकडे तोंड करून ठेवलेली. माझ्याकडे तिची पाठ, उन्हाने विटून कोणत्याच रंगाची न राहिलेली. माणूस नाही, गाडी नाही, तंबू नाही. आता आमचे रिवाज तुम्हाला तोंडपाठ आहेत, कारण त्यांची यथेच्छ टिंगल तुम्ही जन्मभर केलीत. तरी लिहितो. ही जमीन सरकारची, म्हणजे सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. इथे भाडं नाही, पाटी नाही, दोरी नाही. जो आधी आला त्याची जागा, पंधरवडाभर. पाणी आणायला किंवा टायर दुरुस्त करायला गावात जायचं झालं, तर माणूस मागे एक खुर्ची ठेवून जातो. खुर्ची असली की माणूस आहे, असं धरायचं. तिच्या जवळपास गाडी लावायची नाही, आणि जायचंच झालं तर लांबून "अहो, आहे का कोणी?" असं ओरडून, उत्तर आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. तुम्ही म्हणायचात, "घरी दाराची बेल वाजवायचं कळत नाही, आणि रानात झुडपाला हाका मारता!" पण कायदा एकदा मोडला तर दंड भरून सुटता येतं, रिवाज मोडला तर माळभर तोंड दाखवता येत नाही.

मी लांबून तीन वेळा हाक मारली. खुर्ची काही बोलली नाही. मग मी हाकेच्या अंतरावर, म्हणजे जिथून माणूस आलेला दिसेल पण मी त्याच्या उरावर बसलो असं वाटणार नाही अशा बेताने, ट्रेलर लावला. तिथे नुसते दगड, आणि जमिनीला असा उतार की पहिल्याच सकाळी घेवड्याचं भांडं चुलीवरून निघालं आणि माझ्या आधी दरी बघायला गेलं. झोपताना डोकं वर ठेवलं तर पाय दारातून बाहेर, पाय वर ठेवले तर सगळं रक्त डोक्यात. मी आलटून पालटून दोन्ही करत होतो आणि मनात म्हणत होतो, येईल तो पाणी घेऊन, आज नाही तर उद्या. माणूस भला असेल तर दोन शब्द बोलू, कधी निघणार ते विचारू. मग जागा माझी. रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन मी त्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसायचो, आणि ती दरीकडे बघत बसायची.

माणूस आला नाही, बाकीचे मात्र आले. पहिले आले क्रेब्स नवराबायको, फ्लॉइड आणि बर्निस, मिनेसोटाचे. त्यांनाही जुनिपर हवा होता. (तो सगळ्यांनाच हवा असतो, ज्याला डोळे आहेत त्याला.) खुर्ची पाहिली, मला पाहिलं, आणि मुकाट्याने माझ्याहूनही वाईट दगडांवर व्हॅन लावली. त्यांच्यामागून रॅमोना आली, आयुष्यभर इस्पितळात परिचारिका होती, बरोबर एकडोळ्या कुत्रा, त्याचं नाव सार्जंट. तीही खुर्ची पाहून मागे सरकली आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात राहिली. अशी गंमत झाली, की एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून शेकडो मैल आलेली आम्ही माणसं एका रिकाम्या जागेभोवती अर्धगोल करून, एकमेकांच्या घोरण्याच्या अंतरावर, वारा खात बसलो. आणि मधल्या सपाट, सावलीच्या, निवाऱ्याच्या जागेत खुर्ची एकटी ऐसपैस.

फ्लॉइडकडे तारे बघायची दुर्बीण आहे. तारे सोडून तो दिवसभर खुर्ची बघू लागला. पहिल्या दिवशी त्याने सांगितलं, "राख नाही, कचरा नाही, चाकाची खूणसुद्धा नाही. नॉरिसराव, हा कोणी ऐरागैरा नव्हे. हा खरा माळाचा माणूस. मागे काही म्हणजे काही ठेवत नाही." हे ऐकून आम्हाला स्वतःची लाज वाटली. मी त्याच दुपारी माझ्या चुलीभोवतीची दोन अंड्यांची टरफलं वेचली. रॅमोनाने कुत्र्याचं सगळं पुरलं. बर्निसने तर तिच्या व्हॅनच्या चाकोऱ्या झाडूने पुसून काढल्या, मग फ्लॉइड व्हॅन घेऊन बर्फ आणायला गेला आणि पुन्हा उमटल्या, तर त्याच्याशी दिवसभर अबोला. दिवसागणिक त्या माणसाचं मोठेपण वाढत गेलं. तो पायी आला असणार. तो वर डोंगरात चिलगोजे गोळा करायला गेला असणार. तो पाण्याचा थेंब न नेता राहत असणार. बर्निस म्हणाली, "उपाशी असेल हो तो," आणि निखाऱ्यात लोखंडी भांडं पुरून तिने सफरचंदाचा केक केला, अख्खा, आणि आत न जाता, वाकून, लांब काठीने ताटली चुलीच्या दगडापर्यंत सरकवली. सकाळी पाहतो तर ताटली लख्ख! "बघा," बर्निस म्हणाली, "धुऊनसुद्धा ठेवली त्याने. तुम्ही पुरुष शिका काहीतरी." सार्जंट त्या दिवशी नाश्त्याला उठला नाही आणि दुपारपर्यंत पोट वर करून पडून होता, पण त्याचा याच्याशी संबंध लावायचं कोणालाच सुचलं नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगावी की नाही असा विचार करत होतो, पण बर्निस पत्र टाकायला गावात जाणार आहे आणि ती वाटेत ते फोडणार नाही अशी खात्री नाही, तेव्हा माझ्याकडूनच कळलेलं बरं. तुम्ही नाताळात दिलेली ती लाल लोकरी लांब विजार मी धुऊन गाडीच्या आरशाला वाळत घातली होती. दुपारचा वारा उठला, आणि विजार दोन्ही पाय पसरून माझ्या डोक्यावरून, क्रेब्स मंडळींच्या डोक्यावरून, डौलाने उडत गेली आणि थेट जुनिपरच्या शेंड्याला, बरोबर खुर्चीच्या वर, जाऊन लटकली. झेंड्यासारखी. आता काय करणार? जागा दुसऱ्याची. मी कडेला उभा राहिलो आणि हाक मारली, "अहो, आहे का कोणी? माझी विजार तुमच्या झाडावर आली आहे!" उत्तर नाही. जरा मोठ्याने मारली. रॅमोना मागून म्हणाली, "नॉरिससाहेब, झोपला असेल, उठेल तेव्हा देईल की." आणि वहिनी, मी परत आलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, स्वतःची विजार डोळ्यांसमोर फडफडते आहे, मधे कुंपण नाही, कुत्रा नाही, कोणी अडवणारं नाही. आणि मी थंडीत कुडकुडत तिच्याकडे बघत बसलो. तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. हसून घ्या, मग पुढचं वाचा.

कारण त्यानंतर मात्र मला हसू येईना. दिवस जात होते. मी जागेपासून हाकेच्या अंतरावर होतो, आणि जागा मिळत नव्हती. तुम्हाला बोललेले शब्द आठवू लागले. दादा असता तर म्हणाला असता, बस गपचूप, येईल तो. पण दादाशिवाय नुसतं बसणं जड जातं, हे मला इथे येऊन कळलं. इतकी वर्षं मी समजत होतो की मला माळ आवडतो. मला बहुधा माळावर कुरकुर करणारा दादा आवडत होता. शेवटी एका सकाळी मी मनाशी म्हटलं, पुरे. बर्निसला ट्रेलर दाखवला. तिच्या बहिणीला हवा होता असा. तिने गादी दाबून पाहिली, कपाटं उघडून पाहिली, आणि म्हणाली, "विकताय कशाला पण? चांगला तर आहे." मी म्हटलं, "राहायला वहिनींकडे जातोय. त्यांनी खोली झाडून ठेवली आहे." हे बोलताना आवाज नीट निघाला नाही, तेव्हा मी धुराला नावं ठेवली. चूल मात्र पेटलेली नव्हती.

त्याच सकाळी फ्लॉइड गावात गेला होता. रॅमोनाच्या डोक्यात भरलं होतं की तो थोर माणूस डोंगरात पाय मोडून पडला असणार. आयुष्यभर पाय मोडलेली माणसं पाहिल्यावर दुसरं काय सुचणार. तिने भरीला घातलं म्हणून फ्लॉइड सरकारी कचेरीत वर्दी देऊन आला. दुपारी रेंजरबाई आल्या, डेलिया नावाच्या, मोठी टोपी, ओठ सालपटलेले, घाईत.

"माणूस हरवलाय म्हणे?" त्यांनी विचारलं.

"हो," फ्लॉइड म्हणाला.

"नाव काय?"

"ते माहीत नाही."

"दिसायला कसा?"

"तसा पाहिला नाही कोणी."

"मग हरवलाय कोण?"

फ्लॉइडने खुर्चीकडे बोट दाखवलं. बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, एकेकाकडे सावकाश पाहिलं, आणि हाक नाही, काही नाही, सरळ चालत जुनिपरखाली गेल्या. बर्निसने तोंडावर हात घेतला. सार्जंट शेपूट हलवत त्यांच्या मागे गेला, ओळखीच्या वाटेने जावा तसा. आम्ही कडेपर्यंत गेलो आणि थांबलो.

"अय्या, ही होय!" बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "ही तर माझ्यासमोर ठेवली. महिन्याच्या सुरुवातीला एक आजी आल्या होत्या, छोट्या निळ्या मोटारीतून. खालच्या वाळूत चाक रुतलं होतं त्यांचं, मी ओढून काढलं. शेजारच्या सीटवर ही खुर्ची, पट्टा लावून, माणूस बसवावा तशी! मला विचारतात, झाडापासून किती अंतरावर ठेवली म्हणजे लोकांना कळेल? मी म्हटलं, आजी, रिकामी खुर्ची ठेवून जागा धरता येत नाही, कायद्यात बसत नाही. तर माझ्यावरच डाफरल्या. 'रिकामी कुठे आहे? आमच्या घरचा माणूस येतोय मागून. हट्टी आहे, वेळ लावेल, पण येईल.'" मग बाईंनी आमच्याकडे पाहिलं. "नाही का आला तो अजून?"

मी आत गेलो. हाक मारल्याशिवाय गेलो. खुर्चीला वळसा घातला आणि पुढून पाहिलं. बसायच्या कापडावर कोंबडे होते. वहिनी, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पडद्यावरचे ते पिवळे कोंबडे, ज्यांच्याखाली बसून तुम्ही बटाटे सोलत होतात. आणि उजव्या दांड्याला दादाने स्क्रू पिळून बसवलेला बाटली उघडायचा आकडा, वाकडा, जसा तो सगळं वाकडं बसवायचा तसा. दादाच्या या खुर्चीचं जुनं हिरवं कापड फाटलं होतं, ते काढून तुम्ही पडद्याचं शिवलंत. अस्तराची बाजू मागे घेतलीत, आणि मी इतके दिवस नुसतं अस्तर बघत बसलो.

"आलाय," मी म्हणालो. "केव्हाच आलाय."

बर्निसने आधी खुर्चीकडे, मग माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हणजे ही तुमची खुर्ची? तुमची? मी अख्खा केक घातला हो तिला!" फ्लॉइड म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि वळशात आम्हालाही घेतलं याने. माझ्या पाठीचे मणके मोजून घ्या कोणीतरी." रॅमोना इतकी हसत होती की तिला दगडावर बसावं लागलं. रेंजरबाई वर बघून म्हणाल्या, "आणि हे झाडावर लाल काय आहे?" सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, तेही माझंच. बाईंनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि बजावलं की खुर्ची जागा धरत नाही, माणूस धरतो. पंधरवडा आजपासून मोजते, आणि परत येईन तेव्हा या खुर्चीत कोणीतरी बसलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर ती उचलून नेणार. जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या. तुमच्याबद्दल म्हणाल्या, "फार तोंडाळ आहेत हो तुमच्या आजी." मी म्हटलं, वहिनी आहे, आणि तोंडाळ हा शब्द अपुरा आहे.

आता तुमच्याकडे वळतो. वहिनी, हे काय केलंत? "विकून टाका ती डबी" म्हणणाऱ्या बाईने, ज्या रस्त्यावर मी चाक घालायला बिचकतो त्यावर, दुखऱ्या गुडघ्याने, ती शिवणयंत्राएवढी मोटार घातली! दिवसभर एकटीने गाडी हाकलीत! आणि वाटेत न्हाणीघराची सोय काय केलीत, हे मी विचारणार नाही, पण फावडं गॅरेजमधून नाहीसं झालं असेल तर मला कळेल. आमच्या रिवाजांची एवढी टिंगल करता करता तुम्ही ते असे पाठ केलेत, की माझ्यासाठी जागा धरलीत ती अशी घट्ट, की मलाही आत शिरता आलं नाही. मागची खोली झाडून ठेवायच्या गोष्टी करत होतात, आणि झाडलीत ती ही जागा, चाकाच्या खुणेसकट! मला तुमचा राग आला होता ऑगस्टमध्ये. आता काय आलंय ते लिहायला बसलो तर कागदावर तवा पुरणार नाही.

ट्रेलर विकत नाही, हे सांगायला नकोच. बर्निसच्या बहिणीने दुसरा पाहावा. त्या संध्याकाळी सगळ्यांना जुनिपरखाली जेवायला बोलावलं. नुकसानभरपाई म्हणून घेवडा, बेकन आणि मक्याचा पाव माझ्याकडून, आणि चिलगोजे रॅमोनाने भाजले. जे लोक एकमेकांपासून लांब राहायला आले होते ते मांडीला मांडी लावून बसले आणि उशिरापर्यंत उठेनात. केकचा उलगडा तेव्हा झाला. सार्जंटने रिकाम्या भांड्याकडे असं प्रेमाने पाहिलं की फ्लॉइड म्हणाला, "हा बघा आपला खरा माळाचा माणूस." बर्निसने त्या कुत्र्याला माफ केलं आहे, मला अजून नाही. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या दगडांवर परत गेले, कारण शेजार कितीही चांगला असला तरी माळावर तो लांबूनच गोड लागतो. पण आता सकाळी कॉफीच्या वेळी लांबून हात करतात. मला बरं वाटतं. पुष्कळ दिवसांनी बरं वाटतं आहे.

मांजराला माझा आशीर्वाद, शेजारणीला काहीच नको.

तुमचा हट्टी आणि वेळ लावणारा,
नॉरिस

ता. क. त्या दोन टायरांपैकी एक अजून बसतो. चिंतेचं कारण नाही. मी आता कुठे जाणार आहे?

आणखी एक ता. क. पुढच्या शनिवारी तुम्हाला काही काम आहे का? नसणार, चर्चमधली भाजीविक्री गेल्या आठवड्यातच आटोपली. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत या, तुमची मोटार तिथेच ठेवू, पुढे मी नेतो. विजार मुद्दाम झाडावरच ठेवली आहे, म्हणजे चुकामूक झालीच तर लांबून जागा ओळखू येईल. (फ्लॉइड म्हणतो ती हॅडलीतूनही दिसते.) येताना एक खुर्ची आणा, कसलीही चालेल. विंचवांना सांगून ठेवलं आहे. फावड्याच्या कामासाठी सर्वांत सुंदर झुडूप निवडून त्याला तिन्ही बाजूंनी चादर बांधली आहे, चौथ्या बाजूला दरी दिसते. रॅमोना म्हणते, असं तर इस्पितळातसुद्धा नव्हतं.

शेवटचा ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण एक गोष्ट लिहायची टाळली. मी अजून जुनिपरखाली राहायला गेलेलो नाही. जेवण झालं तिथे, पण सगळे उठले तसा मीही उठलो आणि माझ्या दगडांवर परत आलो. आजही हे पत्र उतारावरूनच लिहितो आहे. त्या खुर्चीत मी बसलो नाही, कोणाला बसू दिलं नाही, आणि रेंजरबाई पुन्हा यायच्या आत कोणीतरी बसायला हवं. काय करणार, रिवाज आहे. जागा तुम्ही धरलीत, म्हणजे ती तुमची आहे. आणि मालकाने "ये रे आत" म्हटल्याशिवाय आत जायचं नसतं. मी लांबून हाक मारली आहे, वहिनी. आता उत्तराची वाट बघतो.